बदलून बघू!

मराठी भाषेतलं सर्वांत महाग वाक्य कोणतं, असा प्रश्न परीक्षेत आला तर माझं उत्तर तयार आहे. "साहेब, बदलून बघू!" वाक्य तीन शब्दांचं. त्यातला 'साहेब' हा शब्द फुकट मिळतो. पैसे पडतात ते उरलेल्या दोन शब्दांचे. 'बदलून'ला मर्यादा नाही आणि 'बघू'ला मुदत नाही. बदलणार तो, बघणार तो, आणि बिलाकडे बघत बसणार आपण.

हा लेख भांडणाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मोटारीचं इंजिन मिसिंग मारायला लागलं की न तपासता वस्तू बदलत सुटायची जी पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे, तिच्याशी हे भांडण आहे. पद्धतीला कोर्टात खेचता येत नाही, म्हणून लेखात खेचतो.

मिसिंग म्हणजे काय, ते ज्यांना गाडी नाही अशा सुखी माणसांसाठी सांगतो. चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे चार कारकुनांची शाखा. आपली पाळी आली की प्रत्येकाने पेट घ्यायचा. एकाने दांडी मारली तर उरलेले तिघे गाडा ओढतात, पण अख्खी शाखा हादरते. गाडी सिग्नलला उभी असताना हिवताप भरल्यासारखी कापते आणि नाशिक फाट्याच्या उड्डाणपुलाचा चढ आला की बैलासारखी मागे बघते. एवढं झालं की कोणीतरी बॉनेट उघडतो, आत डोकावतो आणि म्हणतो, "कॉईल गेली."

आता सिलिंडर पेट घेत नाही याची मूळ कारणं मोजून तीन. ठिणगी नाही, पेट्रोल नाही, किंवा दाब नाही. पण गॅरेजात पहिला संशय कायम कॉईलवर. वाड्यात चोरी झाली की पहिला संशय नोकरावर, तशातलाच हा प्रकार.

ही कॉईल मोठी गुणी वस्तू आहे. फॅरेडेने १८३१ साली शोधलेल्या तत्त्वावर ती चालते. आत जाड तारेचे थोडे वेढे आणि केसासारख्या तारेचे हजारो वेढे. जाड तारेतला बॅटरीचा प्रवाह एकदम तोडला की बारीक तारेत वीस-वीस हजार व्होल्ट उसळतात आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. बाराचे वीस हजार करून देणारी योजना घेऊन कोणी आमच्या शाखेत आला तर आम्ही आधी पोलिसांना फोन करू. इथे मात्र कारभार चोख असतो. व्होल्ट वाढतात त्या मानाने प्रवाह घटतो, म्हणजे जमाखर्च जुळतोच. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरला मिनिटाला १५०० ठिणग्या लागतात. सेकंदाला पंचवीस! आमच्याकडे सेकंदाला पंचवीस तर सोडाच, तासाला पंचवीस व्हाऊचरं झाली तर चहा मागवतात.

मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झालेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत चारी सिलिंडरांना मिळून एकच कॉईल असे. तिची ठिणगी डिस्ट्रिब्यूटर चौघांना वाटून द्यायचा. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉईल बसलेली असते. एकत्र कुटुंब मोडून चार चुली झाल्या. सोय झाली हे खरं. पण 'बदलून बघू'वाल्यालाही एकाऐवजी चार गिऱ्हाइकं मिळाली.

आमची गाडी मिसिंग मारू लागली तेव्हा एका गॅरेजने (नाव सांगत नाही, आणि विचारूही नका) तीन नंबरची कॉईल बदलली. साडेचार हजार रुपये. गाडी तशीच कापत राहिली. तेव्हा उत्तर मिळालं, "मग इंजेक्टर असेल. बदलून बघू." मी विचारलं, "कॉईल गेली होती हे कशावरून?" त्यावर त्या गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू सत्यनारायणाच्या पूजेत भटजींना संस्कृतचा अर्थ विचारला. मी जुनी कॉईल तेवढी मागून घेतली. ती भंगाराच्या डब्यात अंत्यसंस्कारांची वाट बघत पडली होती.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. दापोडीच्या एस.टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले. त्यांना गाऱ्हाणं सांगितलं तेव्हा ते हसले. "काय हो बँकवाले, कॉईलचं मला विचारता? उभा जन्म डिझेलमध्ये गेला माझा. आमच्या एस.टी.ला कॉईलच नव्हती!" ते खरंच होतं. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबतात की ती तापूनच डिझेल पेटतं. तिथे ना प्लग ना कॉईल. "पण कामचुकार कसा धरायचा ते मला ठाऊक आहे," काका म्हणाले. "इंजिन चालू ठेवायचं. एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरच्या पाइपाचा नट जरासा ढिला करायचा. आवाज पडला, तर तो गडी कामावर होता. ढिला करूनही आवाज तोच राहिला, तर समजायचं, हाच तो!"

सबंध व्यवस्थापनशास्त्र त्या दोन वाक्यांत आलं. जो रजेवर गेला तरी शाखेत कोणाला फरक पडत नाही, तोच कामचुकार. (काही नावं तत्काळ माझ्या डोळ्यांसमोर आली. ती इथे देत नाही. येत्या महिन्यात मलाही रजा टाकायची आहे.)

काकांनी तोच न्याय आमच्या पेट्रोल गाडीला लावला. नातवाकडून मोबाईलला जोडायचं छोटं यंत्र मागवलं. त्यावर कोड उमटला, 'पी ०३०३'. म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर पेट घेत नाही. आता नीट लक्ष द्या, कारण इथेच गॅरेजवाला आपल्याला गुंडाळतो. हा कोड गुन्हा कुठे घडला ते सांगतो, गुन्हेगार कोण ते सांगत नाही. घरात चोरी झाली याचा अर्थ घरमालक चोर आहे असा होत नाही.

काकांनी तीन नंबरची नवीकोरी कॉईल एक नंबरवर बसवली आणि एक नंबरची तीनवर. कोड पुसला. गाडी कासारवाडीपर्यंत नेऊन आणली. कॉईल दोषी असती तर तिच्याबरोबर दोषही घर बदलून गेला असता आणि 'पी ०३०१' उमटलं असतं. पण कोड तोच, ०३०३. मग दोन्ही प्लगांची अदलाबदल केली. आता मात्र ०३०१! तीन नंबरचा प्लग उजेडात धरला तर त्याच्या चिनी मातीच्या अंगाला केसाएवढी चीर. ठिणगी टोकाशी पडण्याऐवजी चिरेतून पळत होती. मी डब्यातून सोडवून आणलेली जुनी कॉईल पुन्हा बसवली, नवे प्लग टाकले, आणि इंजिन शिवणयंत्रासारखं चालू लागलं. कॉईलची निर्दोष मुक्तता झाली. या खटल्याला लागला तो दहा नंबरचा एक पाना, एक प्लगपाना, आणि काकांची अर्धी दुपार.

हातात मीटर दिसला म्हणजे तपासणी झाली, असंही समजू नका. साध्या दोन पिनांच्या कॉईलच्या जाड तारेचा रोध थोड्याच ओहमचा भरतो आणि बारीक तारेचा काही हजार ओहम. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. तो न बघता नुसती मान डोलावण्याला अर्थ नाही. शिवाय बऱ्याच नव्या कॉईलींच्या पोटात इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्यांना असं मोजून काहीच कळत नाही. आणि काही कॉईली थंड असताना साधू असतात. तासभर तापल्या, किंवा पावसाळ्यात प्लगच्या खड्ड्यात पाणी उतरलं, की त्यांचं खरं रूप दिसतं. अशांना तापवूनच पकडावं लागतं. ठिणगी बघायची तर त्यासाठी टेस्टर मिळतो. हातात धरून बघण्याचा पराक्रम करू नये, वीस हजार व्होल्ट ओळख विचारत नाहीत. आणि मिसिंग मारणारी गाडी 'चालतेय ना' म्हणून दामटूही नये. न जळलेलं पेट्रोल धुरांड्याकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि तो आतून वितळू शकतो. इंजिनचा पिवळा दिवा मिचकावायला लागला तर तो डोळा मारत नसतो. त्या महागड्या वस्तूसाठी विनवणी करत असतो.

मला राग येतो तो पुढे आहे. हे सगळं चाललंय कुठे? दापोडीत! एका अंगाला लष्कराच्या इंजिनियरांचं सी.एम.ई., दुसऱ्या अंगाला एस.टी.ची कार्यशाळा. पुढे पिंपरीला टाटा मोटर्स, जिला लोक अजून टेल्कोच म्हणतात; आकुर्डीला बजाज; आणि पार चाकणपर्यंत मोटारींचे कारखाने. या पट्ट्यातला माणूस आठ तास मायक्रोमीटर हातात धरतो. एका केसाच्या कितव्या हिश्श्याने माल कमी भरला म्हणून अख्खी खेप बाजूला काढतो. आणि तोच माणूस संध्याकाळी गॅरेजच्या दारात उभा राहून 'बदलून बघू'ला मान हलवतो. जिथे गाड्या मोजून बनतात तिथेच त्या अंदाजाने दुरुस्त व्हाव्यात, याला काय म्हणावं?

आम्हा कॉमर्सवाल्यांना कॉलेजात एक गोष्ट शिकवतात. तेरीज जुळली नाही तर फरकाला नऊने भागून बघ. भाग गेला तर बहुधा आकडे उलटे पडलेत. ७८२च्या जागी ८७२ लिहिलं की फरक बरोबर ९०. नाही गेला, तर फरकाच्या निम्मी रक्कम शोध. ती चुकीच्या बाजूला पडली असेल. 'लेजर बदलून बघू' असं एकाही सरांनी सांगितलं नाही. दहा पैशांच्या फरकासाठी आमच्या आधीच्या पिढीने रात्री नऊनऊपर्यंत खाती पिंजली, म्हणून लोक बँकेत पैसे ठेवतात.

गॅरेजवाला म्हणेल, "साहेब, नवीन भाग लावून बघणं हीसुद्धा तपासणीच आहे." मान्य! शंभर टक्के मान्य. पण मग दोष गेला नाही तर तो भाग काढून परत घ्या. तुमच्या प्रयोगाचं साहित्य माझ्या खर्चाने कशाला? आणि तो असंही म्हणेल, "तपासणीचे पैसे गिऱ्हाईक देत नाही." इथे मात्र त्याची बाजू खरी आहे, आणि आपल्या मंडळींचे कान धरायला हवेत. डॉक्टरांनी नुसतं तपासून 'काही झालेलं नाही' म्हटलं तर आपण फी देऊन आनंदाने घरी येतो. मिस्त्रीने दोन तास घालवून तीनशे रुपये मागितले की म्हणतो, "नुसतं बघितलंत, त्याचे पैसे?" आपण डोक्याचे पैसे देत नाही, डब्याचे देतो. मग तोही डबेच विकतो. ज्या पोराने कान लावून सिलिंडर ओळखायला शिकायचं, तो खोकी फोडायला शिकतो.

तेव्हा माझ्या मागण्या तीन. बिलावर 'तपासणी' अशी वेगळी ओळ हवी आणि तिचे पैसे आपण कुरकुर न करता द्यावेत. भाग बदलण्याआधी 'कशावरून?' या प्रश्नाला उत्तर मिळावं. आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात पडावा. बँकेत व्हाऊचरशिवाय रक्कम हलत नाही, मग इथे का हलावी?

एवढं जड वाटत असेल तर निदान ते वाक्य तरी दुरुस्त करा. 'बदलून बघू'ऐवजी 'बघून बदलू' म्हणा. शब्द तेच दोन, काकांच्या कॉईलींसारखी नुसती अदलाबदल. आणि अदलाबदलीला, तुम्ही पाहिलंतच, एक पैसाही लागत नाही.