औषध नव्हे, विषच!

फवारणीच्या दिवसांत आमच्या चाकण परिसरातील एखादा शेतमजूर दवाखान्यात येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, पित्त झालंय. उलट्या होतात, गरगरतंय." मी आधी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहतो. त्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असल्या आणि तोंडाला लाळ, अंगाला घाम असला, तर माझा पहिला प्रश्न असतो, "आज औषध मारलं का?"

आपण 'औषध' म्हणतो, पण ते विष आहे. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचवणारे ॲसिटिलकोलीन हे रसायन काम झाले की लगेच नष्ट व्हावे लागते. ते काम कोलिनेस्टरेज हे एन्झाइम करते. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके नेमके हेच एन्झाइम निकामी करतात. मग रसायन साचत जाते, स्नायू फडफडतात, पुढे लुळे पडतात. मेंदूत तोच बिघाड झाला की भ्रम होतो, झटके येतात. शेवटी श्वास थांबतो. किडीत, गाईत आणि माणसात हे एन्झाइम सारखेच काम करते. म्हणून गोचीड मारण्यासाठी शेतातले कीटकनाशक जनावराच्या अंगाला चोळणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. हे विष कातडीतूनही शरीरात जाते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा 'त्यांनी काळजी घेतली नाही' असे बोलले गेले. मला हे पटत नाही. रोजंदारीवरच्या माणसाने हातमोजे कुठून आणायचे? ज्याचे शेत, त्याने ते द्यावेत. पंप गळका नसावा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी नको, आणि डब्यावरचा लाल वा पिवळा त्रिकोण मजुराला दाखवून त्याचा अर्थ सांगावा. उरलेले विष पाण्याच्या किंवा दारूच्या बाटलीत कधीही भरू नये.

त्रास सुरू झाल्यास भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, तोंडाने काहीही देऊ नका आणि विषाचा डबा घेऊन तडक रुग्णालय गाठा. ॲट्रोपिनचे इंजेक्शन वेळेत मिळाले तर जीव वाचतो. 'पित्त असेल' म्हणून रात्र काढू नका.