नवे मिरासदार

आमच्या भागातील रहिवासी संघाचा वार्षिक अहवाल गेल्या महिन्यात हाती पडला. पुण्यास मुठेच्या पश्चिमेकडे, जेथे दोन पिढ्यांपूर्वी शेते होती, तेथे मध्यमवर्गाच्या ज्या वसाहती उठल्या त्यांपैकी आमची एक होय. अहवाल आठ पानांचा, चांगल्या कागदावर छापलेला, आणि खरे सांगावयाचे तर सुबोध भाषेत लिहिलेला आहे. बंद पडलेले रस्त्यावरचे दिवे महानगरपालिकेत खेटे घालून चालू करून घेतले. पावसाळ्यापूर्वी गटारे उपसून घेतली. ओला व सुका कचरा घरोघर वेगळा होऊ लागला. ही कामे कोणी तरी करावीच लागतात, आणि ती आमच्या कार्यवाहांनी पदरमोड करून, उन्हातान्हात हिंडून केली आहेत. निवृत्त मनुष्याने आपला काळ कसा सार्थकी लावावा याचे त्यांच्याइतके चांगले उदाहरण मजपाशी दुसरे नाही. पुढील मजकूर त्यांनी वाचावा आणि वाचून रागवावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. कारण ते रागावले तर उत्तर देतील, आणि उत्तर देऊ लागले म्हणजे ज्या गोष्टीची आमच्या सभेत कधी चर्चाच होत नाही ती निदान कागदावर तरी येईल.

अहवालाच्या सहाव्या पानावर एक ओळ आहे: चौकातील अतिक्रमणे हटविण्यात संघास यश आले. ओळ एवढीच. ही अतिक्रमणे म्हणजे कोण, हे त्या पानावरून कळावयाचे नाही. म्हणून मी सांगतो. एक भाजी विकणारी बाई, एक चपला शिवणारा म्हातारा, आणि वडाखाली टेबल मांडून इस्त्री करणारे एक जोडपे. यांतील भाजीवाल्या मावशी त्या कोपऱ्यावर बसू लागल्या तेव्हा आमच्या इमारतीचा पाया खणला जात होता. पाया खणणाऱ्या मजुरांना मिरच्या-कांदे विकण्यासाठीच त्या प्रथम तेथे आल्या. तेव्हा अतिक्रमण कोणी कोणावर केले, हा प्रश्न निदान कालगणनेच्या दृष्टीने तरी वाटतो तितका सोपा नाही.

मी हे त्रयस्थाच्या भूमिकेवरून लिहीत आहे असा समज कोणी करून घेऊ नये. त्या अर्जावर माझीही सही आहे. दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी अर्ज दारी आला. वर 'पदपथ मोकळे करण्याबाबत' असा मथळा होता. पदपथ मोकळे असावेत याविषयी माझ्यासारख्या पायी हिंडणाऱ्या माणसाचा मतभेद असण्याचे कारण नव्हते. मी खालचा मजकूर न वाचता सही केली. जन्मभर विद्यार्थ्यांना 'आधी वाचा, मग लिहा' असे बजावीत आलेल्या मनुष्याने हे करावे, यावर अधिक भाष्य नको. पुढे दोन-अडीच महिन्यांनी मावशी मला मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, एका नाल्याच्या भिंतीशी, टोपली घेऊन बसलेल्या दिसल्या. "मावशी, इकडे कशा?" असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "तिथनं उठिवलं न्हवं का सर. तुमची बी सही हुती म्हणं." आवाजात राग नव्हता. मी अर्धा किलो वांगी घेतली आणि घरी आलो.

संघाचे नाव रहिवासी कल्याण संघ असे आहे. कल्याण कोणाचे हे पुढे पाहू. आधी रहिवासी कोण ते पाहू. पोटनियमांत सभासदत्वाची व्याख्या दिली आहे. तीप्रमाणे सदनिकेचा किंवा बंगल्याचा मालक तेवढा सभासद होऊ शकतो. ज्याने घर घेऊन ठेवले आहे आणि जो स्वतः परदेशी राहतो तो रहिवासी. त्याच घरात भाडे भरून सात वर्षे राहिलेले, ज्यांची मुले याच गल्लीत चालावयास शिकली, ते कुटुंब रहिवासी नव्हे. आमच्या इमारतीचा राखणदार जिन्याखालच्या खोलीत रात्रंदिवस राहतो. राहणे या क्रियापदाचा जो सरळ अर्थ मराठीत आहे त्या अर्थाने आमच्या सबंध इमारतीत त्याच्याइतका अस्सल रहिवासी कोणी नाही. पण त्याला सभेची नोटीस येत नाही; तो ती फळ्यावर चिकटवितो.

सहकारी गृहसंस्थांचा कायदाही या बाबतीत फारसा उदार नाही, हे कबूल केले पाहिजे. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाने जो 'नाममात्र सभासद' निर्माण केला, त्याला मत नाही आणि कारभारात भाग नाही. पण रहिवासी संघ ही गृहसंस्था नव्हे. गृहसंस्थेच्या मालकीची इमारत असते, तिच्या जिन्याची व टाकीची व्यवस्था मालकांनी पाहावी हे समजू शकते. संघाच्या मालकीचे काय आहे? रस्ता त्याचा नाही, चौक त्याचा नाही, वडही त्याचा नाही. जे आपले नाही त्याचा कारभार पाहावयाचा, आणि कारभार पाहणाऱ्यांत मात्र मालकांखेरीज कोणास घ्यावयाचे नाही, ही रीत कोठून आली?

ती फार जुनी आहे, असे मला वाटते. पेशवाईतील दख्खनच्या खेड्यांत कसणारे दोन प्रकारचे असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, गावात त्याचा शब्द, गावसभेत त्याची बैठक. उपरी हा बाहेरून आलेला, कौलाने जमीन कसणारा, आज आहे उद्या नाही असा धरला गेलेला. उपऱ्याने वीस वर्षे नांगर धरला तरी तो उपराच. शब्द भाषेत अजून जिवंत आहे, आणि तो शिवीसारखा वापरला जातो हे काही उगीच नाही. आमचा संघ इंग्रजी धर्तीची घटना, इंग्रजी धर्तीचे इतिवृत्त, इंग्रजी धर्तीचे आभारप्रदर्शन ठेवून आहे. पण त्याच्या अंतरंगात पाहिले तर तेथे जुना मिरासदार मांडी घालून बसलेला आढळतो.

किंबहुना जुना मिरासदार बरा म्हणावा लागेल. त्याच्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, महार यांना सुगीच्या वेळी खळ्यावर बलुते मिळे, आणि ते दान म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून मिळे. मला बलुतेपद्धतीची थोरवी गावयाची नाही. ती जातीने जखडलेली होती, तिने माणसाला जन्माने धंदा आणि जन्माने अपमान वाटून दिला. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला तेव्हा त्यांनीही त्या व्यवस्थेची कठोर चिकित्सा केली होती. पण जो सेवा करतो त्याचे गावात एक ठिकाण असते, एवढे तरी तिला मान्य होते. आमच्या वसाहतीला सेवा हवी. सकाळी सहा वाजता हवी, दारात हवी, दोन रुपये कमी दराने हवी. मात्र ती करणाराने काम संपताच अदृश्य व्हावे अशी तिची अपेक्षा आहे.

याचे ठळक उदाहरण अहवालातच आहे. कचऱ्याच्या वर्गीकरणात आमचा भाग अग्रेसर असल्याबद्दल दीड पान खर्ची पडले आहे. कार्यकारी मंडळाचे आभार आहेत, 'जागरूक गृहिणींचे' आभार आहेत, हिरव्या-निळ्या बादल्या देणाऱ्या देणगीदाराचेही आभार आहेत. रोज दारोदार हिंडून, आम्ही 'वेगळा' केलेला कचरा पुन्हा हातांनी वेगळा करणाऱ्या दोन स्त्रियांचा उल्लेख नाही. वस्तुतः पुण्यातील ही व्यवस्था ज्यांनी उभारली त्या याच स्त्रिया. १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना काढली. तिच्यातून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली, आणि २००८ साली महानगरपालिकेशी करार करून तिने घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम अंगावर घेतले. सहकाराचा खरा अर्थ काय याचा धडा ज्यांच्याकडून घ्यावा, त्या स्त्रिया दुपारी भाकरी खावयास आमच्या बागेतील बाकावर बसत. तर 'बाक ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव' अशी पाटी गेल्या वर्षी लागली. त्यांपैकी एकीचे वय माझ्याहून अधिक आहे. पण ज्येष्ठ नागरिक म्हणजे ती नव्हे, हे पाटी वाचताच तिलाही कळले आणि मलाही.

या वसाहतींचा उगम आठवला म्हणजे अधिकच आश्चर्य वाटते. ज्या १९१५ साली 'गावगाडा' प्रसिद्ध झाला, त्याच साली मुंबईस गावदेवीत सारस्वत सहकारी गृहसंस्था नोंदली गेली. मुंबईच्या भाड्याने आणि अडचणीने गांजलेले नोकरदार एकत्र आले आणि त्यांनी एकमेकांच्या आधाराने निवारा उभा केला. म्हणजे सहकारी निवासाची चळवळ ही मुळात भाडेकरूंची चळवळ. ती एका जातीच्या नावाने सुरू झाली हा तिचा दोष जन्माबरोबर आलेला आहे, आणि तो अद्याप गेलेला नाही. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते राखण्याचा पोटनियम वैध ठरविला. परंतु भाडेकरूंनी काढलेल्या चळवळीच्या नातवंडांनी भाडेकरूला दारातच अडवावे, अविवाहित मुलगी म्हणून, अमक्या आडनावाचा म्हणून, मांसाहारी म्हणून त्याची उलटतपासणी करावी, हे त्या पहिल्या नोकरदारांना खचित रुचले नसते.

येथे माझे मित्र म्हणतील, की कर आम्ही भरतो. हा युक्तिवाद आमच्या सभेत इतक्या वेळा होतो, की तो कोणी तपासून पाहत नाही. पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकास मिळकतकराच्या आकारणीत १९७० पासून ४० टक्के सवलत आहे. मध्यंतरी ती काढून घेतली गेली तेव्हा शहरात केवढा गलबला झाला आणि २०२३ साली ती पुन्हा कशी मिळाली, हे सर्वांस ठाऊक आहे. भाड्याने दिलेल्या घरास ही सवलत नाही, आणि मालक तो बोजा भाड्यात धरतो हे सांगावयास नको. तेव्हा करावरूनच नागरिकत्व मोजावयाचे, तर सभेत भाडेकरूची खुर्ची आमच्या पुढे मांडावी लागेल.

दुसरा आक्षेप कायद्याचा. पदपथावर बसणे बेकायदेशीर आहे, असे कार्यवाह म्हणतात. २०१४ चा पथविक्रेत्यांविषयीचा केंद्राचा कायदा त्यांनी वाचलेला दिसत नाही. विक्रेत्यांचे सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणास हटवू नये, हटवावयाचेच तर ३० दिवसांची नोटीस द्यावी, असे तो सांगतो. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या असाव्यात, आणि रहिवासी संघांनाही तेथे स्थान असावे, अशीही त्यात तरतूद आहे. म्हणजे मावशींच्या शेजारी खुर्चीवर बसून, त्यांचे ऐकून, मग आपले म्हणणे मांडण्याची वाट कायद्याने आम्हांस मोकळी करून दिलेली होती. आम्ही त्याऐवजी महानगरपालिकेची गाडी बोलाविली. गाडीने टोपली नेली, वजनकाटा नेला, आणि वडाखालचे इस्त्रीचे टेबलही नेले.

तिसरा आणि खरा जोरकस आक्षेप सुरक्षिततेचा. वेशीवर नोंदवही आहे, टेहळणीचे कॅमेरे आहेत, घरकामाच्या बायांना छायाचित्रांची ओळखपत्रे आहेत. जाताना त्यांच्या पिशव्या पाहिल्या जातात. माझी पिशवी कोणी पाहत नाही. वास्तविक ग्रंथालयातून पुस्तके नेऊन ती परत न करणारा मनुष्य म्हणून मजवर अधिक नजर ठेवावयास हवी. चोऱ्या होतात हे खरे, भीती खोटी नाही. पण शेजाराची सुरक्षितता कशाने वाढते याचा एक अनुभव महाराष्ट्राच्या पदरी आहे. भिवंडी हे गाव १९८४ च्या दंगलीत होरपळले होते. पुढे तेथे पोलीस अधिकारी म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापिल्या; हिंदू-मुसलमान, मागवाले, दुकानदार, मजूर यांना एका सतरंजीवर वरचेवर बसविले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असता शेजारची भिवंडी शांत राहिली. त्या समित्याही वस्तीच्याच समित्या होत्या. त्यांनी बोलाविले ते नेमके त्यांना, ज्यांना आमचा संघ वेशीवर थांबवितो.

हे सारे एका खासगी मंडळाचे घरगुती दोष म्हणून सोडून देता आले असते. पण मार्च २०२२ मध्ये पुणे महानगरपालिकेची मुदत संपली, आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत शहराला लोकनियुक्त नगरसेवक नव्हता. या जवळजवळ चार वर्षांत प्रशासकाच्या दारी 'नागरिकांचे शिष्टमंडळ' म्हणून जी मंडळी जात राहिली ती आमच्यासारख्या संघांची. मालकांचे गाऱ्हाणे नागरिकांचे गाऱ्हाणे म्हणून लिहून घेतले गेले. महाराष्ट्राने २००९ साली क्षेत्रसभेचा कायदा केला आहे. तीप्रमाणे त्या त्या भागातील प्रत्येक मतदार, मग तो बंगल्यातला असो की झोपडीतला, सभेचा घटक ठरतो. ती सभा कागदावरच राहिली आहे. आमच्या संघाने गेल्या अनेक वर्षांत शेकडो अर्ज केले. क्षेत्रसभा भरवा असा अर्ज एकही केला नाही. करील कशाला? ती भरली तर नोटीस चिकटविणारा राखणदारही खाली बसून हात वर करील.

मी संघाचा राजीनामा दिलेला नाही. यंदाची वर्गणी भरली आहे, आणि सर्वसाधारण सभेसाठी तीन ठराव लेखी दिले आहेत: वसाहतीत राहणाऱ्या प्रत्येक प्रौढास, भाडेकरू व राखणदार धरून, मतासह सभासद करून घ्यावे, बाकावरची पाटी काढावी, आणि चौकातून उठविलेल्या चौघांना परत बसू द्यावे असे संघानेच महानगरपालिकेस लिहावे. शेवटच्या पत्राचा मसुदा मी करून दिला असून त्याखाली पहिली सही माझी आहे. या वेळी मजकूर वाचून केलेली. वर्गणीची पावती त्याच दिवशी मिळाली. ठरावांची पोच अजून यावयाची आहे.