धूळ उडवू नका, ओढून घ्या

खंडेनवमी जवळ आली की आपल्या कारखान्यांत साफसफाईची धांदल सुरू होते. यंत्रे पुसली जातात, जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगतात आणि उंचावरची धूळ काढायला कुणीतरी शिडीवर चढून एअर गनने हवा मारतो. संध्याकाळपर्यंत शॉप लख्ख दिसते. ही पद्धत या वर्षीपासून बंद व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. हवा मारल्याने धूळ कारखान्याबाहेर जात नाही. थोडी कामगारांच्या छातीत जाते आणि उरलेली तुळयांवर, केबल ट्रेवर, फॉल्स सीलिंगच्या वर जाऊन बसते.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील किन्स्टन येथे वेस्ट फार्मास्युटिकलच्या कारखान्यात २९ जानेवारी २००३ रोजी अशाच साठलेल्या धुळीचा स्फोट झाला आणि ६ कामगार गेले. तिथे औषधनिर्मितीसाठी लागणारे रबरी भाग बनत. रबर चिकटू नये म्हणून पॉलिएथिलीनची बारीक भुकटी वापरली जाई. हा कारखाना गलिच्छ नव्हता. कामाची जागा नियमित साफ होत असे. भुकटी साठली होती ती फॉल्स सीलिंगच्या वर, जिथे कुणाची नजर जात नव्हती. पाच वर्षांनी, ७ फेब्रुवारी २००८ रोजी, जॉर्जियातील पोर्ट वेंटवर्थच्या इंपिरियल शुगर कारखान्यात १४ जणांचा बळी गेला. सायलोखालच्या बंदिस्त कन्व्हेयरमध्ये पहिला स्फोट झाला. त्याच्या धक्क्याने इमारतभर साठलेली साखरेची धूळ उडाली आणि ती पेटत गेली. धुळीच्या स्फोटात बहुतेक वेळा हा दुसरा भडकाच माणसे मारतो, आणि त्याचे इंधन म्हणजे आपण न काढलेला थर. अमेरिकेतील एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या मानकांत सुमारे ०.८ मिलिमीटर जाडीचा थरही दखल घेण्याजोगा मानला आहे. गळीत हंगामाच्या तोंडावर आमच्या साखर कारखान्यांतील वाचकांनी ग्रेडर, एलिव्हेटर आणि पॅकिंग हाउसच्या तुळयांवरून एकदा बोट फिरवून पाहावे.

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतील वाळू पेटत नाही, म्हणून तिथे निर्धास्त राहता येत नाही. नॉकआउट आणि फेटलिंगला उडणारी सिलिकाची सर्वांत घातक धूळ डोळ्यांना दिसतही नाही. सिलिकोसिस एकदा जडला की तो बरा करणारे औषध नाही. कोरडा झाडू आणि एअर गन ही दोन्ही साधने तिथून हद्दपारच व्हायला हवीत.

यावर हाताशी असलेला उपाय म्हणजे चाकांवरचा औद्योगिक व्हॅक्यूम. मध्यवर्ती डक्टची यंत्रणा लहान कारखान्याला परवडत नाही आणि ती ठरलेल्या जागीच पोहोचते. हे यंत्र मात्र प्रेसखालच्या खड्ड्यात उतरवता येते आणि लांब नळी जोडून तुळईपर्यंतही नेता येते. मशीन शॉपमध्ये जाळीची टोपली असलेला व्हॅक्यूम घेतला, तर कूलंटच्या संपमधली धातूची बरी वेगळी काढून गाळलेला कूलंट पुन्हा वापरता येतो.

पण कुठलाही व्हॅक्यूम चालेल, ही समजूत घातक आहे. घरगुती प्रकारच्या यंत्राच्या मोटरमध्ये ब्रशपाशी ठिणग्या पडतात आणि त्याच्या फिल्टरमधून बारीक धूळ पुन्हा बाहेर येते. दिवसभर चालवायचे असेल तर थ्री-फेज ब्लोअर घ्या. सिलिकासाठी मुख्य फिल्टरनंतर हेपा फिल्टर हवाच, तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. पेटणारी धूळ असेल तर त्या धुळीसाठी प्रमाणित केलेले यंत्र, वीजवाहक नळी आणि अर्थिंग यांत तडजोड नको. ॲल्युमिनियमच्या बारीक भुकटीसाठी, ती द्रवात बुडवून ठेवणारा वेगळा प्रकार मिळतो. ही भुकटी आणि गंजलेल्या लोखंडाची धूळ एकाच टाकीत कधीही ओढू नका. त्या मिश्रणाला ठिणगी मिळाली तर थर्माइटसारखी आग लागते. ग्राइंडिंगचे गरम कणही निवल्याशिवाय ओढू नयेत. आणि तुंबलेला फिल्टर शॉपमध्येच एअर गनने झटकला, तर सगळी मेहनत वाया गेली.

स्फोटक धूळ साठू न देण्याची जबाबदारी १९४८च्या कारखाने अधिनियमाने कलम ३७ मध्येच मालकावर टाकली होती. वर्षातून एकदा सणाला केलेल्या सफाईने ती पार पडत नाही. व्हॅक्यूमचे काम मेंटेनन्सच्या वेळापत्रकात यावे, वरून खाली या क्रमाने व्हावे आणि टाकी प्रत्येक शिफ्टअखेर रिकामी व्हावी. शिकवलेला माणूस त्यावर नेमा. ज्याला दुसरे काम नाही त्याच्या हाती नळी देऊ नका.

वाचकांना एक विनंती. व्हॅक्यूमची ऑर्डर देताना नुसती अश्वशक्ती लिहू नका. आपल्याकडची धूळ कसली आहे, कोरडी की ओली, पेटणारी की नाही, हे पर्चेस ऑर्डरवर लिहा आणि यंत्र त्या धुळीसाठी योग्य असल्याचे पुरवठादाराकडून लेखी घ्या.