आधी काठी, मग पडदा

भर दुपारी सूर्य कुठे असतो, असे वर्गात विचारले की एका सुरात उत्तर येते, ‘डोक्यावर!’ पुण्यात हे उत्तर वर्षातून दोनदाच खरे ठरते, 13 मे आणि 29 जुलैच्या सुमारास. मेमध्ये शाळेला सुटी आणि जुलैअखेरीस आभाळ भरलेले, त्यामुळे शून्य सावलीचा दिवस पुण्याच्या मुलांना शाळेच्या मैदानावर सहसा दिसतच नाही. ‘स्टेलेरियम’ हे मोफत सॉफ्टवेअर अशा वेळी कामी येते. त्यात ठिकाण पुणे, तारीख 29 जुलै आणि वेळ दुपारी 12.41 भरली की सूर्य थेट माथ्यावर दिसतो.

पण त्याआधी काही घडले नसेल, तर मुलांच्या लेखी तो आणखी एक व्हिडिओ. म्हणून जूनमध्ये शाळा उघडली की उघडीप मिळेल त्या दुपारी मैदानात एक मीटरची काठी उभी करावी. 21 जूनला मध्यान्हीची सावली जेमतेम साडेआठ सेंटिमीटर पडते आणि तीही दक्षिणेला. ऑगस्टमध्ये ती उत्तरेला गेलेली असते. मग मधे काय घडले? खडूने खुणा करणाऱ्या मुलांना हा प्रश्न पडला, की पडदा उघडावा.

ऑनलाइन साधन निवडण्याची आमची कसोटी हीच आहे. हाताला आणि डोळ्याला मिळेल ते आधी द्यावे. जे मिळणार नाही, त्यासाठी संगणक घ्यावा. सेल आणि बल्ब मुलांनी स्वतः जोडावेत. तारेतले न दिसणारे इलेक्ट्रॉन ‘फेट’ या संकेतस्थळावरच्या सिम्युलेशनमध्ये पाहावेत. तीन कोनांची बेरीज पाहायला कागदी त्रिकोणाचे कोपरे फाडून शेजारी शेजारी लावावेत; मग ‘जिओजेब्रा’ या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरोबिंदू ओढून हवे तेवढे त्रिकोण तपासावेत. मात्र कितीही त्रिकोण तपासले तरी ती सिद्धता नव्हे, हेही त्याच तासाला सांगावे.

ही वाट पुण्याला नवी नाही. इथल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी घडवली आणि त्यांच्या चित्रफिती व पुस्तके संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली केली. त्यातली एखादी चित्रफीत मधेच थांबवून वर्गाने खेळणे करायला घेतले, तरच ती सार्थकी लागते.

‘मोफत’ या शब्दाबाबत मात्र सावध राहा. मुलांचे नाव, ईमेल किंवा फोटो मागणारे साधन फुकट नसते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. त्यामुळे वर्गासाठी लॉगिनशिवाय चालणारी साधने निवडा. स्टेलेरियम आणि फेटची सिम्युलेशन आधीच उतरवून ठेवता येतात. ऐन तासाला नेट गेले तरी पाठ अडत नाही.

येत्या जूनमध्ये आपल्या शाळेच्या मैदानात एक काठी उभी करा. मुलांनी टिपलेल्या सावलीच्या नोंदी आमच्याकडे पाठवा. त्या आम्ही याच मासिकात छापू.