रोग्याच्या दारी प्रयोगशाळा

निदान हे उपचाराचे पहिले पाऊल होय. परंतु आडगावच्या रोग्याला ते पाऊलच सर्वांत दूरचे ठरते. जवळ सोय नसली की थुंकीचा नमुना तालुक्याला जावयाचा, अहवाल काही दिवसांनी यावयाचा, आणि तो आणण्यासाठी मजुराने आणखी एका दिवसाची मजुरी बुडवावयाची. रोग क्षयाचा असेल, तर तेवढ्या दिवसांत घरातील लेकराबाळांनाही त्याची बाधा होऊ शकते. म्हणून रोग्याने प्रयोगशाळेकडे जाण्याऐवजी प्रयोगशाळेनेच रोग्याकडे यावे, असे आमचे मत आहे.

द्रवाचे अत्यल्प कण हाताळण्याच्या विद्येने हे शक्य केले आहे. क्षयजंतू ओळखण्यासाठी त्याच्या जनुकद्रव्याच्या असंख्य प्रती कराव्या लागतात व त्यासाठी द्रव वारंवार तापवावा आणि निववावा लागतो. घागरभर पाण्यापेक्षा पळीभर पाणी लवकर तापते, हे आपण स्वयंपाकघरात पाहतोच. बेंगळुरूच्या बिगटेकने विकसित केलेल्या व गोव्याच्या मोलबायोने प्रसारात आणलेल्या ‘ट्रूनॅट’ यंत्रात हेच तत्त्व आहे. त्याच्या चिपेवर अवघा 6 मायक्रोलिटर द्रव पुरतो. यंत्र बॅटरीवर चालते आणि सुमारे तासाभरात उत्तर देते.

‘एवढ्याशा यंत्रावर विश्वास कसा ठेवावा?’ असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. बोटाच्या काही थेंबांत शेकडो तपासण्या करू म्हणणारी अमेरिकेतील थेरानोस कंपनी 2018 साली बंद पडली, आणि गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल तिची संस्थापिका 2022 साली दोषी ठरली. परंतु तेथे दोष लहानपणाचा नव्हता. पारखून न घेतलेल्या दाव्याचा होता. ट्रूनॅटची पारख झाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली क्षयनिदानासाठी त्याची शिफारस केली. गरिबाची तपासणी स्वस्त असावी. कच्ची मात्र असू नये.

तथापि कपाटात ठेवलेले यंत्र कोणासही बरे करीत नाही. चिपांचा अखंड पुरवठा, शिकलेला हात आणि निदान होताच औषध, या तिन्हींची जोड त्याला हवी. एक दुवा तुटला, तरी तासाभरात मिळालेले उत्तर महिनाभर पडून राहील. आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींपैकी कोणी उद्या यंत्रे घडवितील, कोणी आरोग्यकेंद्रे चालवितील. यंत्र किती सूक्ष्म आहे याबरोबरच, त्यामुळे रोग्याची किती पायपीट वाचली, हेही त्यांनी मोजावे.