कत्तलखान्यातील महागडी खाट



दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाला, चिली देशात, प्वेर्तो नातालेस गावाजवळ बोरिएस नावाचा जुना कारखाना आहे. मेंढ्या कापायच्या, मांस गोठवायचे, बोटीने इंग्लंडला पाठवायचे. १९१५ साली तो सुरू झाला. १९९६ मध्ये तो राष्ट्रीय स्मारक ठरला आणि २०११ मध्ये तिथे हॉटेल उघडले. वाफेची जुनी यंत्रे पुसूनपासून मांडली आहेत, पाहुणे ती बघत हिंडतात. त्या प्रांताचे नाव आहे ‘शेवटची आशा’!

वारसा जपला म्हणून टाळ्या पडतात. भिंती वाचल्या हे बरेच झाले. मुंबईत गिरण्या पाडून टॉवर उठले. पण हिशेब कुणी जपला?

कारखाना १८९३ साली निघालेल्या एका कंपनीचा. तिच्या नावातला ‘एक्स्प्लोतादोरा’ हा स्पॅनिश शब्द जमीन उपयोगात आणण्यासाठी चालतो, शोषणासाठीही तोच. बारसे करणारे प्रामाणिक म्हणायचे! कुरणे तिची, मेंढ्या तिच्या, कारखाना तिचा, धक्काही तिचाच. तिएरा देल फुएगो बेटावर मेंढ्यांना रान हवे म्हणून तिथल्या सेल्कनाम लोकांना हुसकले, गोळ्या घातल्या.

गोठवण्याची सोय नव्हती तेव्हा लोकर विकत आणि धड चरबीसाठी उकळत. गारवा आला, मांसाला भाव आला. तो भाव पडला कुणाच्या पदरात? गारवा ज्याच्या हातात त्याच्या. आपण म्हणाल, कापूस काही सडत नाही. खरे आहे, कापूस थांबतो. सोसायटीचे कर्ज थांबत नाही. म्हणून रुई आणि सरकी वेगळी होण्याआधीच माल आपल्या हातून जातो, आणि पुढची सगळी कमाई जिनाच्या फाटकाच्या आत होते.

२३ जानेवारी १९१९ रोजी बोरिएसमध्ये कामगारांचा असंतोष भडकला. गोळ्या झाडल्या गेल्या. कामगार मेले, पोलीसही मेले. काही दिवस नातालेस गाव कामगारांच्या ताब्यात होते. नंतर लष्कर आले, धरपकड झाली. यंत्राला तेल लावून चकाकी आणता येते, या दिवसाला कशी आणणार?

उद्या आपल्या तालुक्यातली बंद पडलेली जिनिंग कुणी ‘वारसा’ म्हणून मागायला आला, तर त्याला जागा दाखवण्याआधी एवढेच विचारा: तिथल्या काटापट्ट्यांची बाडे कुठे आहेत?