आधी मेंदूवर घाला, मग गुणवत्तेची भाषा

आळंदीच्या घाटाशी इंद्रायणी फेसाळली की वृत्तपत्रांना बातमी मिळते. कार्तिकी वारीच्या तोंडावर पांढऱ्या फेसाची छायाचित्रे छापून येतात, मंत्रिमहोदय नदीसुधारणेची घोषणा करतात, वारकरी परततात आणि घोषणाही विरून जाते. भाविकांच्या तीर्थाचा प्रश्न क्षुल्लक आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु फेस डोळ्यांना दिसतो म्हणून त्याचा निदान गवगवा तरी होतो. ज्या विषाला रंग नाही, वास नाही, चव नाही, त्याची दखल घेण्याची गरज शासनाला वाटत नाही. आणि मजुराच्या मुलाच्या मेंदूवर घाला घालते ते नेमके हेच विष.

चाकण परिसराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. खराबवाडी, निघोजे, महाळुंगे, कुरुळी, नाणेकरवाडी ही एकेकाळची शेतकऱ्यांची गावे आज मोटारधंद्याच्या विळख्यात आहेत. मोठ्या कंपन्यांची चकचकीत प्रवेशद्वारे हमरस्त्यावर असतात. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांत धातूवर क्रोम-निकेलचा मुलामा चढवणे, तेलकट भाग रसायनांनी धुणे, रंग देणे ही कामे चालतात. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेला कंत्राटी कामगार तेथे राबतो आणि दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत संसार थाटतो. त्याच्या घरी पाणी येते ते बोअरचे, टँकरचे किंवा विकतच्या जारचे. खेड तालुक्यातच भामा आसखेडचे धरण आहे. त्याचे पाणी २०२१ पासून जलवाहिनीने पूर्व पुण्याला जाते. धरण तालुक्याचे, नळ शहराचे आणि बोअर कामगाराची, अशी ही वाटणी आहे.

बोअरमधून येते काय, हा प्रश्न येथे उभा राहतो. शिसे, पारा, आर्सेनिक यांसारख्या द्रव्यांचा मोठ्या माणसाला होणारा उपद्रव आणि गर्भाला वा तान्ह्या मुलाला होणारी इजा यांत मूलभूत फरक आहे. प्रौढाचा मेंदू घडून चुकलेला असतो. बालकाचा मेंदू घडत असतो. शिसे शरीरात कॅल्शियमचे सोंग घेऊन वावरते आणि मेंदूच्या पेशींमध्ये जे जोड निर्माण व्हायचे असतात त्यांत बिघाड करते. वार त्याला अडवू शकत नाही. इतकेच नव्हे, तर आईच्या हाडांत पूर्वायुष्यात साठलेले शिसे गरोदरपणी रक्तात उतरते आणि गर्भापर्यंत पोहोचते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल प्रौढाच्या चार ते पाच पट शोषून घेते. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि पाच वर्षांखालील तीनपैकी दोन मुले रक्तक्षयाने ग्रस्त होती. म्हणजे भूक दार उघडते आणि विष आत शिरते. शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते.

‘पुरावा द्या’ हे कारखानदारांचे ठरलेले उत्तर असते. जपानमधील मिनामाताच्या कोळ्यांनाही हेच ऐकवले गेले होते. तेथील आजाराची अधिकृत नोंद १९५६ साली झाली; चिस्सो कंपनीचे पारायुक्त सांडपाणी मात्र १९६८ पर्यंत वाहत राहिले. आई वरवर धडधाकट आणि तिच्या पोटचे मूल जन्मतःच पंगू, हे दृश्य त्या किनाऱ्यावर घरोघरी दिसले. अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे मोजले आणि १९७९ मध्ये दाखवून दिले की, आजाराचे एकही बाह्य लक्षण नसलेल्या मुलांतही शिसे अधिक असेल तर बुद्धी आणि एकाग्रता कमी आढळते. शिसे-उद्योगाची पाठराखण करणाऱ्या तज्ज्ञांनी त्यांच्यावर लबाडीचा आरोप केला. चौकशीत ते निर्दोष ठरले. तोवर एक पिढी मोठी होऊन गेली होती.

आपल्याकडे तर पुरावा निर्माणच होऊ नये अशी व्यवस्था आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५ एकट्या महाराष्ट्रातील होते. संख्येत आपले राज्य पहिले. पण ही यादी ज्या कसोटीवर ठरते ती जैविक ऑक्सिजन मागणीची, म्हणजे मुख्यतः मैल्याची आणि कुजणाऱ्या घाणीची. शिसे या कसोटीतून अलगद निसटते. कारखान्याच्या आत विषबाधा झाली तर १९४८ च्या कारखाना कायद्याने ती कळवणे बंधनकारक केले होते, आणि शिसे, पारा, मँगनीज यांची विषबाधा त्याच्या यादीत होती. २०२० च्या संहितेतही अशी यादी आहे. पण तेच शिसे फाटकाबाहेर पडून कामगाराच्या मुलाच्या पेल्यात गेले तर कोणती यादी? अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाची नोंद होते, परंतु त्यामागे शिसे आहे काय याचा शोध घेण्याची तरतूद नाही. जे मोजायचेच नाही ते आढळले नाही, असे म्हणणे हा कसला प्रामाणिकपणा?

२०२५ च्या सुरुवातीला पुण्यात गियाँ-बारे आजाराचे दोनशेहून अधिक रुग्ण आढळले, तेव्हा दूषित पाण्याचा संशय येताच विहिरी तपासल्या गेल्या. माणसे एकाच आठवड्यात रुग्णालयात आली की यंत्रणा हलते. दहा वर्षांनंतर वर्गात मागे पडणाऱ्या मुलासाठी ती हलत नाही.

उलट कायद्याचेच दात काढले जात आहेत. नदीकाठी प्रदूषणकारी उद्योगांना अंतराचे बंधन घालणारे राज्याचे नदी नियमन क्षेत्र धोरण २०१५ मध्ये रद्द झाले. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील बहुतेक उल्लंघनांसाठी असलेला तुरुंगवास काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड ठेवला. कायद्याच्या नावात ‘जन’ आहे. विश्वास मात्र धनावर टाकला आहे. याउलट २०२५ च्या फेब्रुवारीत चिखली-कुदळवाडीतील भंगारवाल्यांच्या आणि लघुउद्योगांच्या हजारो शेड बुलडोझरखाली गेल्या, आणि त्यासाठी नदीच्या प्रदूषणाचेही कारण पुढे करण्यात आले. तेथील जाळपोळ आणि सांडपाणी समर्थनीय नव्हते. पण गरिबाच्या धुराला बुलडोझर आणि बड्यांच्या सांडपाण्याला दंडाची पावती, हा न्याय नव्हे.

उद्योग हवेत की नकोत, हा वाद येथे मुद्दाम उकरला जातो. कामगार चळवळीने कारखाने बंद करण्याची मागणी केलेली नाही. कारखान्याने आपली घाण स्वतःच्या खर्चाने निस्तरावी, एवढीच मागणी आहे. शिसे केवळ पाण्यातून येत नाही, जुन्या बॅटऱ्या, रंग आणि भेसळीचे मसाले यांतूनही येते, हा आक्षेप खरा आहे. पण म्हणूनच मुलांचे रक्त तपासले पाहिजे. न तपासण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

या अन्यायाचा सर्वांत क्रूर भाग पुढेच आहे. गमावलेले बुद्ध्यंकाचे काही अंश कोणत्याही औषधाने परत मिळत नाहीत. हेच मूल सहावी-सातवीत गणितात अडखळते. शिक्षक त्याला ‘ढ’ म्हणतात, बाप स्वतःच्या नशिबाला बोल लावतो, आणि ते अठराव्या वर्षी त्याच कारखान्याच्या फाटकावर कंत्राटी म्हणून उभे राहते. तेव्हा गुणवत्तेचे पुजारी सांगतात की स्पर्धा सर्वांना खुली होती. ज्या स्पर्धकाच्या पायात पाळण्यातच बेडी ठोकली, त्याच्या धावण्याची वेळ मोजणाऱ्या या परीक्षकांना लाज वाटली पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांनी फेसाच्या छायाचित्रापाशी थांबू नये. चाकणच्या प्रत्येक वस्तीतील बोअर, टँकर आणि जार यांच्या पाण्याची जड धातूंसाठी प्रयोगशाळेत तपासणी व्हावी आणि निकाल मराठी-हिंदीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. गरोदर स्त्रिया आणि पाच वर्षांखालील मुलांच्या रक्तातील शिसे सरकारी खर्चाने मोजले जावे. कोणता कारखाना कोणती द्रव्ये वापरतो आणि कोठे सोडतो, हे जाहीर व्हावे. ग्रामसभेत ठराव करून हे प्रश्न लेखी विचारावेत आणि वेतनवाढीच्या मागणीपत्रात त्यांना पहिले स्थान द्यावे. वेतन एक वर्ष उशिरा मिळाले तर फरकासह वसूल करता येते. मुलाच्या मेंदूचे पहिले वर्ष कोणत्याही फरकासह परत मिळत नाही.